अर्जातला मी

नोकरीच्या अर्जात आपले व्यक्तिमत्त्व उतरले पाहिजे, असे आम्हा बी.कॉम.च्या मुलांना वारंवार सांगितले जाते. ते उतरवायचे कसे, हे मात्र कुणी सांगत नाही. माझ्यापुरते म्हणाल तर मी ते झेरॉक्सच्या दुकानातून तीस रुपयांना विकत आणले होते!

दुकानातल्या काकांच्या कॉम्प्युटरवर एक तयार बायोडाटा आहे. नाव, जन्मतारीख आणि टक्के बदलले की काम झाले. उद्दिष्ट : आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेची व स्वतःची उन्नती साधणे. गुण : कष्टाळू, प्रामाणिक. छंद : वाचन, क्रिकेट. शाळेचे नाव तेवढे मी काकांना गाळायला लावले. मराठी माध्यम दिसले की इंग्रजी कच्चे समजतील, ही धास्ती.

गेल्या मे महिन्यात उद्यमबागेतील एका कारखान्यात हिशेबनिसाच्या मदतनिसाची जागा निघाली. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी माझ्या अर्जाशेजारी आणखी दोन अर्ज ठेवले. उद्दिष्टातला स्वल्पविरामसुद्धा वेगळा नव्हता. "वाचनाचा छंद ना? शेवटचे काय वाचलेस?" मी गप्प. "मग यात तू कुठे आहेस रे?" नोकरी मिळाली नाही; हा प्रश्न तेवढा घरी घेऊन आलो.

विशेषणांनी माणूस दिसत नाही. 'आळशी' असे स्वतःहून कोण लिहील? दिसतो तो केलेल्या कामातून. गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा मी दोन वर्षे खजिनदार आहे. गेल्या वर्षी रोकड पावत्यांपेक्षा ३५१ रुपयांनी जास्त भरली. "जास्तच आहेत, राहू देत की!" सगळे म्हणाले. मला झोप येईना. २१२ स्थळप्रती पुन्हा एकेक करून पाहिल्या, तेव्हा एकमेकींना चिकटलेल्या दोन सापडल्या. नव्या अर्जात 'प्रामाणिक' खोडून ही हकीकत दोन ओळींत लिहिली.

अर्थात सगळेच लिहायचे नसते. सुमारे १४८२ साली लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला काम मागण्यासाठी पत्र लिहिले. त्यात आधी येतात हलके पूल, तोफा, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढण्याची युक्ती. चित्रकला येते अगदी शेवटी. ऐकणाऱ्याला लढाईची काळजी आहे, हे त्याने ओळखले होते. मी पेटी वाजवतो, ते एका ओळीत आटोपले. रंगीत चौकटी काढल्या, अर्ज एका पानात बसवला.

सर्वांत जास्त वेळ भाषांच्या ओळीने घेतला. पूर्वी नुसते 'मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी' असे होते. आता लिहिले : 'शिक्षण मराठी माध्यमात. कन्नड बोलतो अस्खलित, वाचतो सावकाश. इंग्रजी पत्रव्यवहार करतो, बोलताना अडखळतो.' आई म्हणाली, "अरे, आपल्याच हाताने उणे कशाला दाखवतोस?" मलाही भीती होतीच. पण शाळेचे नाव लिहिल्यावर बरे वाटले, हेही खरे.

हा अर्ज जीएसटीची कामे करणाऱ्या एका कचेरीत दिला. तिथल्या साहेबांनी दहा मिनिटे फक्त त्या ३५१ रुपयांबद्दल विचारले. मग एक कन्नड नोटीस पुढे सरकवली. मी अक्षर अक्षर लावत वाचू लागलो, कानशिले तापली. ते म्हणाले, "निधानवागि ओदु, अवसर इल्ल." म्हणजे सावकाश वाच, घाई नाही.

सध्या कॉलेज सुटल्यावर रोज तीन तास तिथे जातो. पहिले काम, आलेली कन्नड पत्रे मोठ्याने वाचून दाखवणे.