मनाचा आजार घराण्यातून येतो की परिस्थितीतून?

वस्तीत कुणाचे मन बिघडले की, "त्यांच्या घराण्यातच आहे," असे बोलतात, नाहीतर बाधा समजून भगताकडे नेतात. बाधा वगैरे काही नसते. आजार आनुवंशिक की बालपणीच्या हालअपेष्टांतून आलेला, हा वाद मात्र शास्त्रज्ञांतही होता. आज दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या मानतात. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तरी दुसऱ्याला अनेकदा होत नाही. म्हणजे रक्तच सगळे ठरवत नाही.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजेने हॉलंडचे अन्न अडवले. त्या उपासमारीत गर्भात आलेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनिया जवळपास दुप्पट आढळला. कुपोषण आणि ऊसतोडीचे स्थलांतर सोसणाऱ्या आपल्या नंदुरबार जिल्ह्याने हे ध्यानात घ्यावे. गरोदर बाईचे पोटभर जेवण ही बाळाच्या मनाचीही काळजी आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, निम्मे मानसिक आजार १८ व्या वर्षापर्यंत सुरू होतात. मूल एकाएकी गप्प झाले, झोप उडाली, शाळा नकोशी झाली, तर रागावू नका. "लग्न लावले की सुधारेल" म्हणत थांबू नका. आईला दोष देऊ नका. जिल्हा रुग्णालयात दाखवा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोला. लवकर उपचार झाले तर पुष्कळ माणसे सावरतात.