धडा आठवा आणि धडा अकरावा

त्रिरश्मी लेण्यांतल्या शिलालेखात नाव असलेल्या विष्णुदत्तेच्या औषधदानावर मागे लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांपैकी एका निवृत्त शिक्षकांच्या पत्राने या आठवड्याचा बेत मोडला. भिल्लांचे पुढारी भागोजी नाईक आणि १८५७ मधला नाशिक जिल्ह्यातल्या पेठचा उठाव यांवर आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. पत्रलेखकांचा मुद्दा सरळ आहे. आठवीच्या पुस्तकात नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून झालेला सत्याग्रह आहे, त्याचं नेतृत्व करणारे दादासाहेब गायकवाड आहेत, महाडचं तळं आहे. शेतकरी, कामगार, स्त्रिया कुणालाच वगळलेलं नाही. मग सर्वसमावेशक इतिहास म्हणून आणखी काय हवं? प्रश्न रोखठोक आहे, आणि त्यातली माहिती बिनचूक आहे. म्हणूनच त्याचं उत्तर पुस्तकात काय आहे यात शोधून उपयोग नाही. ते पुस्तकात कुठे आहे, हे पाहावं लागतं.

बालभारतीचं २०१८ चं आठवीचं इतिहासाचं पुस्तक उघडा. आठवा धडा सविनय कायदेभंगाचा: दांडी, धारासना, सोलापूर, पेशावर, मग गोलमेज परिषद आणि पुणे करार. नवव्या धड्यात स्वातंत्र्यलढ्याचं अंतिम पर्व, म्हणजे १९४२ सुद्धा होऊन जातं. दहाव्यात सशस्त्र क्रांतिकारक, त्यात आपल्या नाशिकला अनंत कान्हेरे यांनी केलेला कलेक्टर जॅक्सनचा वध. आणि मग अकरावा धडा, ‘समतेचा लढा’. शेतकरी, कामगार, स्त्रिया, दलित या सगळ्यांची सोय या एका धड्यात. काळारामाचा सत्याग्रह इथे भेटतो. म्हणजे विद्यार्थी ‘चले जाव’ वाचून पुढे सरकल्यानंतर १९३० सालात परत येतो, आणि तेही एखाद्या वेगळ्याच देशात आल्यासारखा. गावात घर आहे, पण वेशीबाहेर. देशाचा इतिहास आठव्या-नवव्या धड्यात होऊन गेला. अकराव्यात ‘इतरांचा’ इतिहास आला. असं कुणी लिहिलेलं नाही, पुस्तककर्त्यांच्या मनातही ते नसेल. पण तेरा-चौदा वर्षांचं मूल धड्यांच्या क्रमातूनही शिकतच असतं.

आता तारखा एका रांगेत मांडून पाहू. काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० रोजी. गांधीजींनी साबरमती सोडली १२ मार्चला. मध्ये फक्त दहा दिवस. नाशिक आणि साबरमती तेव्हा एकाच मुंबई इलाख्यात होती. नाशिकला पहिल्या दिवशी मोठी मिरवणूक देवळापर्यंत गेली, दरवाजे बंद दिसले, ती गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. नंतर चारही दरवाज्यांवर ठाण मांडलं गेलं. आंबेडकरांचे चरित्रकार धनंजय कीरांनी पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया असल्याचं नोंदवलं आहे. रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. आणि हे काही महिन्याभरात मिटलं नाही, वर्षानुवर्षं चाललं. त्याच नोव्हेंबरमध्ये डॉ. आंबेडकर लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेत बसले होते. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा आला, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यात येवल्याला, डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.

हा क्रम डोळ्यांसमोर नसला की आठवा धडा स्वतःच लंगडा होतो, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. दांडी आणि धारासनाच्या वर्णनानंतर डॉ. आंबेडकर एकाएकी लंडनमध्ये प्रकट होतात आणि स्वतंत्र मतदारसंघ मागतात. विद्यार्थ्याला वाटतं, सगळा देश एका बाजूला असताना हे असं का मागताहेत? त्याचं उत्तर नाशिकच्या बंद दरवाज्यांत आहे, पण ते दरवाजे तीन धडे पुढे आहेत. काळाराम आठव्या धड्यात आणल्याने दलितांवर उपकार होणार नाहीत. त्याच्यावाचून गोलमेज परिषद समजत नाही, पुणे करार समजत नाही, येवला तर मुळीच समजत नाही. सर्वसमावेशकता ही सौजन्याची बाब मानली जाते. निदान इथे तरी ती कार्यकारणभावाची बाब आहे.

यावर पहिला आक्षेप पत्रलेखकांनीच नोंदवला आहे: विषयवार धडे मुलांना सोपे जातात. यात तथ्य आहे. फुले, विठ्ठल रामजी शिंदे, शाहू, आंबेडकर अशी साखळी सलग वाचायला मिळते, ती तोडू नये. पण त्यासाठी अकरावा धडा हलवायची गरजच नाही. आठव्या धड्यात एक परिच्छेद आणि अकराव्याकडे निर्देश, एवढ्याने भागतं. पानं वाढत नाहीत, कुठल्या महापुरुषाच्या वाट्याची ओळ कमी होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दांडीला प्रतिपक्ष परकं सरकार होतं, काळारामाच्या दारात प्रतिपक्ष आपलेच गावकरी. हे शेजारी शेजारी ठेवलं तर वर्गात तेढ होईल, असं अनेकांना मनापासून वाटतं. मला वाटतं ही भीती मुलांपेक्षा मोठ्यांची आहे. वर्गातल्या काही मुलांच्या घरी हा सत्याग्रह आजी-पणजीच्या तोंडून पोहोचलेलाच असतो. शाळा गप्प राहिली तर त्या मुलांना एवढंच कळतं की घरी ऐकलेलं शाळेच्या कामाचं नाही, आणि उरलेल्या वर्गाला काहीच कळत नाही. शिवाय हा लढा गावकऱ्यांविरुद्धचा द्वेष म्हणून शिकवताच येणार नाही, कारण पुरावाच तसा नाही. डॉ. आंबेडकरांनी ३ मार्च १९३४ रोजी दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात आपला हेतू स्पष्ट केला आहे: अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं किंवा मंदिरप्रवेशाने ते समान होतील, म्हणून ही चळवळ नव्हती, समाजात चेतना यावी, आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, म्हणून होती. हे पत्र छापलेलं आहे. आठवीच्या मुलाला ते समजण्यासारखं आहे. नेता स्वतःच्याच लढ्याचं इतकं थंड डोक्याने परीक्षण करतो, हे वाचल्यावर तेढ वाढेल की विचार सुरू होईल?

काळाराम एकटाही नाही. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात पर्वतीचा सत्याग्रह झाला होता, त्याआधी अमरावतीला अंबादेवीचा, आणि १९२४-२५ मध्ये त्रावणकोरात वायकोमचा. वायकोमला खुद्द गांधीजींचा पाठिंबा होता. म्हणजे सत्याग्रहाचं हत्यार सरकारवर उगारायचं की समाजावर, हा त्या काळाचा जिवंत वाद होता. तो वाद वगळून सविनय कायदेभंग शिकवला की उरते मिठाची गोष्ट.

स्त्रियांबद्दल एक गोष्ट जाताजाता. काळारामाच्या पहिल्या तुकडीतल्या २५ जणींची नावं पुस्तकात नाहीत, आणि ती मिळवणं सोपंही नाही. पण पुरावाच नाही असं म्हणून हात झटकायचे दिवस गेले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढलं, ते आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना प्रत्यक्ष भेटून, बोलतं करून. दहावीचं पुस्तक इतिहासलेखनाच्या धड्यात स्त्रीवादी लेखन आणि वंचितांचा इतिहास यांची ओळख करून देतं, महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’चं नावही घेतं. छानच आहे. फक्त जी पद्धत दहावीला व्याख्येसारखी पाठ करायची, ती आठवीला कुठे वापरलेली दिसत नाही.

राहिला स्थानिक माहितीचा मुद्दा. राज्यभर एकच पुस्तक, त्यात नाशिकला किती जागा द्यायची, असं विचारलं जातं. पण बालभारतीने तिसरीला परिसर अभ्यासाची जिल्हावार पुस्तकं काढलेली आहेत. आठ वर्षांच्या मुलासाठी धरणं आणि पिकं जिल्ह्यागणिक वेगळी छापता येतात, तर आठवीसाठी सोळा पानांची जिल्हा-इतिहास पुरवणी अवघड नसावी. नाशिकच्या पुरवणीत त्रिरश्मीची लेणी, पेठ, जॅक्सनचा वध झाला ते विजयानंद नाट्यगृह, काळाराम आणि येवला एकत्र येतील. सोलापूरची वेगळी असेल, चंद्रपूरची त्याहून वेगळी.

आणि परीक्षेचं काय, ही शिक्षकांची नेहमीची अडचण. जे विचारलं जात नाही ते शिकवलं जात नाही, हे त्यांचं म्हणणं मान्य. मग विचारावं: मार्च १९३० मध्ये मुंबई इलाख्यात सुरू झालेल्या दोन सत्याग्रहांची मागणी, प्रतिपक्ष आणि शेवट यांची तुलना करा. गुण चार.