नवरा-बायकोचं मंदिर, दोन ओळींत
रोमन फोरममधलं सगळ्यांत चांगलं टिकलेलं मंदिर कोणतं, तर अँटोनायनस आणि फॉस्टिना यांचं नाव घ्यावंच लागतं. सम्राज्ञी फॉस्टिना इ.स. 140च्या सुमारास वारली. सम्राट अँटोनायनस पायसनं तिच्यासाठी हे मंदिर उभारलं. 161मध्ये तोही गेला. मग काय, त्याच मंदिरात त्याचीही सोय झाली! दर्शनी लेख नीट बघा: खालच्या ओळीत फॉस्टिना आणि तिच्या डोक्यावर मागाहून कोरलेला अँटोनायनस.

समोर सहा, दोन्ही बाजूंना दोन-दोन असे दहा खांब अजून उभे आहेत. उंची सुमारे 17 मीटर, दगड ग्रीसच्या युबिया बेटावरचा, हिरवट पट्ट्यांचा संगमरवर. वरच्या भागात तिरक्या खाचा आहेत. दोर अडकवून खांब ओढून पाडायचा प्रयत्न झाला असावा, असं सांगतात. खांब बधले नाहीत.

मध्ययुगात आत चर्च आलं, म्हणून वास्तू वाचली. तोवर परिसर मातीनं बराच भरला होता आणि चर्चचं दार त्या वरच्या पातळीला बसवलं गेलं. पुढे उत्खननात माती हटली. पायऱ्या खाली, दार अधांतरी! फोरममध्ये गेलात तर मान वर करून ते जरूर पाहा.