थोरली अँबॅसिडर, धाकटी मारुती

घरात दोन जावा असाव्यात, एक अंगानं भरलेली नि सगळ्यांना सामावून घेणारी, दुसरी चणीनं लहान पण चटपटीत. तशा या आपल्याकडच्या दोन जुन्या गाड्या. दोघींचंही उत्पादन २०१४ साली थांबलं. तरी कुणाच्या अंगणात त्या अजून उभ्या आहेत आणि 'ठेवायची की काढायची' हा वाद चालू आहे. मैत्रिणींनो, तो निव्वळ पुरुषांवर सोपवू नका.

थोरली मूळची इंग्लंडची. तिथल्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली अँबॅसिडर १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला तयार होऊ लागली. लांबी सव्वाचार मीटरहून थोडी जास्त, वजन अकराशे किलोच्या वर. धाकटी मारुती ८०० जपानच्या सुझुकीच्या घराण्यातली. डिसेंबर १९८३ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. लांबी सव्वातीन मीटरहून थोडी जास्त, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास.

हा मीटरभराचा फरक आला तो बराचसा मांडणीतून. अँबॅसिडरचं इंजिन लांबीत बसवलेलं आणि जोर मागच्या चाकांना. त्यासाठी पोटाखालून लांब दांडा गेलेला. मारुतीचं तीन सिलिंडरचं, ७९६ सी.सी.चं इंजिन आडवं बसवलं आणि पुढचीच चाकं फिरवली. दांडा गेला, जागा वाचली. लहान ओट्यावर शेगडी फिरवून ठेवली की पोळपाटाला जागा होते ना, तसंच!

जुन्या अँबॅसिडरला पुढे सलग बाक आणि गिअर स्टिअरिंगपाशी. त्यामुळे पुढे तिघं, मागे चौघं, मांडीवर पोरं. लग्नाला निघालेलं अख्खं घर मावायचं. पण वळवताना दंड भरून येत. मारुतीचं स्टिअरिंग हलकं, क्लच हलका, गल्लीतही सहज वळणारी. कितीतरी जणी गाडी शिकल्या त्या हिच्यावरच.

आता महत्त्वाचं. 'जाड पत्रा, म्हणून अँबॅसिडर सुरक्षित' असं घरोघरी ऐकू येतं. ते पुरतं खरं नाही. नव्या गाड्यांचा पुढचा भाग धडकेत मुद्दाम चुरगळतो आणि धक्का शोषून घेतो. जुना जाड पत्रा शाबूत राहिला, तरी आतल्या माणसाला हिसका बसतोच. मारुती तर बोलूनचालून हलकी. एअरबॅग दोघींतही नाही. आणि मांडीवरचं मूल कितीही घट्ट धरलं, तरी धडकेत ते आपल्या हातांत राहत नाही.

म्हणून जी ठेवाल तिला पुढेमागे पट्टे बसवून घ्या, ब्रेक तपासून घ्या, मुलांना मागेच बसवा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, तेही विसरू नका. रविवारी हौसेनं फिरायला यांतली कुठलीही काढा. पण मुलांना रोज शाळेत सोडायला नवी, सुरक्षित गाडीच हवी, असा हट्ट आपण धरलाच पाहिजे.