हवेवर तोललेली मोटार आणि तिचे आवाज

मोटारीचा सांगाडा आणि तिची चाके यांच्यामध्ये काहीतरी लवचीक असावे लागते. बैलगाडीत ते नसते, म्हणून तिच्यातील प्रवास हाडांच्या लक्षात राहतो. टांग्याला पोलादी पाटे आले, मोटारीला पाट्यांच्या जोडीने पोलादी वेटोळी आली, आणि पुढे पोलादाच्या जागी कोंडलेली हवाच का वापरू नये, असा विचार अभियंत्यांनी केला. १९५७ साली अमेरिकेत कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉम ही महागडी गाडी चारही चाकांवर हवेच्या स्प्रिंगा घेऊन रस्त्यावर आली. या स्प्रिंगांतून हवा गळत असे, आणि अनेक मालकांनी त्या काढून पुन्हा पोलादी वेटोळी बसवून घेतली.

कल्पना मात्र टिकली, कारण तिच्यामागे भक्कम भौतिकी आहे. पोलादी स्प्रिंगचा ताठरपणा ठरलेला असतो. गाडीत चार माणसे अधिक बसली की गाडी खाली बसते आणि तिचे हेलकावे मंद होतात. हवेच्या स्प्रिंगमध्ये ओझे वाढले की आणखी हवा भरून दाब वाढवता येतो. दाब वाढला की ताठरपणाही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो. परिणामी गाडी रिकामी असो वा भरलेली, तिची उंची तीच राहते आणि तिचा डोलही साधारण तोच राहतो.

आता एक विशिष्ट गाडी डोळ्यांसमोर ठेवू. १९९४ साली विक्रीस आलेली रेंज रोव्हरची दुसरी पिढी आज जुन्या गाड्यांत मोडते. तिच्या प्रत्येक चाकापाशी जाड रबराची एक पिशवी आहे. इंजिनाजवळच्या एका पेटीत विजेवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आणि विद्युत झडपांचा एक ठोकळा बसवलेला आहे. कॉम्प्रेसर हवा ओढतो आणि ती कोरडी करणाऱ्या नळकांड्यातून एका टाकीत भरतो. टाकीतील दाब वातावरणाच्या सुमारे दसपट झाला की तो थांबतो. प्रत्येक चाकाजवळील संवेदक गाडीची उंची मोजतो, आणि नियंत्रक त्यानुसार झडपा उघडून पिशव्यांत हवा सोडतो किंवा बाहेर टाकतो.

अशा गाडीचा मालक तक्रार घेऊन येतो तेव्हा ती बहुधा एका शब्दाची असते : ‘आवाज येतो.’ कोणता आवाज, हा प्रश्न इथे फार मोलाचा आहे. आपली भाषा या कामी कृपण नाही. घरघर, फुसफुस, सुस्कारा, कुरकुर, खडखड, ठोका हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, आणि यंत्रातील त्यांची कारणेही वेगळी आहेत. डॉक्टर लेनेक यांनी १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले. गळती शोधताना रबरी नळीचा हातभर तुकडा घेऊन एक टोक कानाशी धरले व दुसरे सांध्यांवरून फिरवले, तर तेच तत्त्व उपयोगी पडते.

सुस्काऱ्याने प्रथम घाबरून जाऊ नये. गाडी खाली उतरताना पिशवीतील हवा बाहेर पडते, तिचा तो आवाज असतो. बंद करून ठेवलेली ही गाडी मध्यरात्री अंगणात आपोआप उसासा टाकते, आणि मालक दचकून जागा होतो. यात भुताटकी नाही. गाडी उभी असतानाही तिचा नियंत्रक सुमारे दर ६ तासांनी जागा होतो, चारही कोपरे तपासतो आणि जो कोपरा सर्वांत खाली असेल त्याच्या पातळीला उरलेले तीन उतरवतो.

निदानातील सर्वांत मोठा चकवा इथेच आहे. समजा, केवळ मागच्या डाव्या पिशवीला बारीक चीर पडली आहे. रात्रभरात तो कोपरा खचतो, आणि नियंत्रक प्रामाणिकपणे बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला आणतो. सकाळी गाडी चारही बाजूंनी सारखीच बसलेली दिसते. मालकाला वाटते, सगळेच गळते आहे. मग चार नव्या पिशव्या, नवा झडपांचा ठोकळा, कदाचित नवा कॉम्प्रेसरही, असा खर्चाचा डोंगर उभा राहतो. चांगल्या गाड्या भंगारात जाण्याचे हेही एक कारण असावे, असे मला वाटते. वास्तविक, रात्री नियंत्रकाला जागे करणाऱ्या टायमरची जोडणी तेवढी काढावी, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजून लिहून ठेवावे आणि सकाळी पुन्हा मोजावे. जमिनीपासून मोजू नये, कारण मग टायरमधील हवेचा फरकही त्या मापात मिसळतो. जो कोपरा एकटा खचला असेल, तोच दोषी होय.

मात्र खचण्यातही तारतम्य हवे. दुपारी ३५ अंश तापलेली हवा पहाटे १० अंशांवर आली, तर निरपेक्ष तापमान ३०८ वरून २८३ वर येते, म्हणजे सुमारे ८ टक्क्यांनी घटते. ओझे तेच असल्याने पिशवीतील दाब बदलत नाही, आकारमान घटते. पिशवीतील हवेचा स्तंभ २० सेंटिमीटरचा मानला, तर गाडी सुमारे दीड सेंटिमीटर खाली येईल, आणि तीही चारही बाजूंनी सारखी. ही गळती नव्हे. पण थंडीत रबरी कडीही आकसून कडक होते. म्हणून जी गाडी उन्हाळ्यात घट्ट होती ती थंडीत सांध्यांतून खरोखर गळू लागल्याचेही आढळते.

कोपरा निश्चित झाला की सायकल दुरुस्त करणाऱ्याची विद्या उपयोगी पडते. तो ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतो. इथे साबणाचे पाणी ब्रशाने लावावे. पिशवीच्या घडीवर, नळीच्या सांध्यावर आणि झडपांच्या ठोकळ्यावर बुडबुडे कुठे फुगतात ते पाहावे. रबर रोज जिथे दुमडते तिथेच ते आधी फाटते. आणि एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी अधिक होणार नाही : केवळ हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही डोके वा हात घालू नये. ही गाडी पूर्वसूचना न देता स्वतःहून खाली येऊ शकते. आधी सांगाड्याखाली भक्कम घोडी लावावी, मगच खाली शिरावे.

गाडी नीट उभी राहते, पण कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी घरघरतो, असे असेल तर पिशव्यांना दोष देऊ नये. गळती टाकीच्या बाजूला किंवा झडपांच्या ठोकळ्यात असते. हवा बाहेर टाकण्याच्या मार्गातून सतत बारीक फुसफुस येत असेल, तर तिथली झडप पूर्ण मिटत नाही असे समजावे. याउलट कॉम्प्रेसर बराच वेळ चालूनही गाडी उचलली जात नसेल आणि गळती सापडत नसेल, तर त्याच्या दट्ट्याची कडी झिजलेली असते. तो हवा दाबतो, पण ती कडेने निसटते. यंत्र तापते, आणि आतील उष्णतारक्षक त्याला बंद पाडतो. थोड्या वेळाने निवल्यावर ते पुन्हा चालू होते, म्हणून मालकाला वाटते की दोष विजेचा आहे. कडी बदलणे स्वस्त काम आहे, पण मूळ गळती न बुजवता कडी किंवा अख्खा कॉम्प्रेसर बदलला, तर नवाही तसाच झिजणार. आपल्याकडे किनारपट्टीच्या पावसाळ्यात हवेतील बाष्पाकडेही लक्ष द्यावे. कोरडे करणाऱ्या नळकांड्यातील द्रव्य ओलावा शोषून घेते, आणि बाहेर टाकलेली कोरडी हवा त्यातून उलट जाताना तो ओलावा परत घेऊन जाते. कॉम्प्रेसर अविरत चालला आणि हवा बाहेर टाकण्याचे प्रसंग कमी आले की हे द्रव्य तुडुंब भिजते. मग पाणी झडपांपर्यंत पोहोचते.

कॉम्प्रेसर चालताना सगळी पेटीच खडखडू लागली, तर त्याच्या खालची रबरी टेकणे फाटली आहेत का ते पाहणे आधी, बाकी सारे नंतर.

राहिला खड्ड्यातून जाताना येणारा ठोका. त्याचे खापर हवेवर फुटते, पण तो पुष्कळदा धक्काशोषकाच्या टोकाशी किंवा आस धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या झिजलेल्या रबरी बुशांत उपजतो. परीक्षा सोपी आहे. गाडीची उंची बटणाने बदलावी आणि तोच रस्ता त्याच वेगाने पुन्हा जावा. ठोका जसाच्या तसा राहिला, तर पिशवीपेक्षा बुशांवर संशय घ्यावा. एखाद्या कोपऱ्यातील हवा पार गेली असेल, तर मात्र प्रत्येक खड्ड्यात सांगाडा शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आदळतो. तो आवाज जड आणि बोथट असतो. तशा स्थितीत गाडी चालवीत नेली, तर रिकामी पिशवी घडीत चिमटते आणि एरवी बारीक छिद्रापुरती असलेली दुरुस्ती नव्या पिशवीवर जाते. टाकीत दाब शिल्लक असेल, तर आधी कोपरा भरून घ्यावा आणि तो उतरण्यापूर्वी जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी पोहोचावे. भरत नसेल, तर गाडी ट्रकवर चढवून न्यावी.