सतराव्या ओळीपाशी ४० सेकंद

पुण्यातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्या दुपारी अजब परीक्षा चालली होती. खुर्चीत बसला होता आठवड्यापूर्वी रुजू झालेला लॅब असिस्टंट. पण तपासला जात होता त्याच्या हातातला चार पानी कागद. लॅब सांभाळणाऱ्या मॅडम मागे स्टूल टाकून वही उघडून बसल्या होत्या. त्यांनी स्वतःलाच अट घातली होती: काही झालं तरी बोलायचं नाही.

कागद होता ज्युपिटरहब कसं सांभाळायचं याचा. ज्युपिटर नोटबुक म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी वही. मजकूर, कोड आणि कोडचं उत्तर एकाच पानावर. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांवरून ते नाव आलं. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर सगळं बसवत बसण्यापेक्षा सर्वांच्या वह्या एका सर्व्हरवर ठेवायच्या, ही हबची सोय. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला ‘डेटा ८’ हा अभ्यासक्रम हबवरच चालतो. एकाच मशीनवर, साधारण शंभर जणांपर्यंत पुरेल अशी त्याची धाकटी आवृत्ती म्हणजे ‘द लिटलेस्ट ज्युपिटरहब’. कॉलेजात हीच आहे. ती बसवायला एक कमांड पुरते. ती चालवणारा माणूस नोकरी सोडून गेला की मात्र पंचाईत होते.

पहिल्या सोळा ओळी सुरळीत पार पडल्या. सतरावी ओळ होती, ‘विद्यार्थी पासवर्ड विसरला तर ॲडमिन पानावर जाऊन युजर डिलीट करा.’

पोराचा हात माउसवरच थांबला. त्याने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे. लॅबमध्ये फक्त एसीची घरघर. शेवटी न राहवून तो म्हणाला, “मॅडम, डिलीट केलं तर त्याचं सबमिशन जाईल ना?”

मॅडम गप्प. त्यांनी वहीत टिपलं: ओळ १७, ४० सेकंद.

खरं तर काहीच जात नाही. या आवृत्तीत आपोआप मिळणाऱ्या लॉगिन पद्धतीत विद्यार्थी पहिल्यांदा जो पासवर्ड टाकेल, तोच त्याचा होतो. युजर डिलीट केला की तो जुना पासवर्ड पुसला जातो. होम फोल्डर आणि त्यातल्या फायली जागच्या जागी राहतात. नाव पुन्हा जोडलं की विद्यार्थी नवा पासवर्ड टाकून आत. मूळ इंग्रजी दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मॅडमनी स्वतःच्या कागदावर उतरवताना तेवढंच वाक्य गाळलं होतं, कारण त्यांना ते पाठ होतं.

“मला माहीत होतं ना, म्हणून लिहिलंच नाही,” नंतर चहा घेताना त्या म्हणाल्या. “४० सेकंद! आणि हे निवांत दुपारी. ओरलच्या दिवशी दारात पोरं उभी असताना काय झालं असतं?”

मग डागडुजी सुरू झाली. ‘फायली जात नाहीत’ हे वाक्य डिलीटच्या वर गेलं. बटण दाबून झाल्यावर धीर देऊन काय उपयोग? ‘फक्त’ आणि ‘सहज’ हे दोन शब्द लाल पेनने जिथे तिथे उडाले, आणि ते बरंच झालं, कारण अडलेल्या माणसाला ‘सहज’ हा शब्द टोमण्यासारखा लागतो. ‘मेमरी मर्यादा १ जीबी’ एवढ्याच ओळीपुढे हिशेब आला: एका वेळी बसणारी मुलं गुणिले प्रत्येकाची मर्यादा, अधिक १२८ एमबी हबसाठी. यादीत ९० नावं असली तरी बॅच ३० ची, म्हणून ३२ जीबीचं मशीन कसंबसं पुरतं. लॅपटॉप मिटून कॅन्टीनला गेलेल्यांचं काय होतं, तेही आलं: १० मिनिटं हालचाल दिसली नाही की हब तो सर्व्हर बंद करतो. सेव्ह केलेली वही राहते, मेमरीतली आकडेमोड जाते. आणि सेटिंग बदलल्यावर रीलोड केल्याशिवाय ते लागू होत नाही, पण रीलोडने काम करत बसलेली मुलं बाहेर फेकली जात नाहीत, हेही.

एवढ्या खटाटोपाचं मोल कुठल्या कामाच्या अहवालात दिसत नाही. सर्व्हर बसवणाऱ्याचं नाव होतं. कागद दुरुस्त करणारीला ‘अजून तेच चाललंय का?’ असं विचारतात.

दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी बसली, अर्थात सरावासाठी काढलेल्या खोट्या युजरवर. सतराव्या ओळीवर तिने वाचलं, बटण दाबलं, पुढे गेली. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं.

एकविसाव्या ओळीवर ती थांबली. “मॅडम, नाव जोडल्यावर त्या मुलाच्या आधी दुसऱ्याच कुणी त्याच्या नावाने लॉगिन केलं तर?”

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि वही पुन्हा उघडली.