टोमॅटोला आधार लोखंडी जाळीचा

आष्टी (जि. बीड) : रोप लावले, पाणी घातले, फुले आली, फळेही धरली; आणि नेमक्या त्याच वेळी वाऱ्याच्या एका झोताने झाड आडवे झाले. परसबागेत टोमॅटो लावणाऱ्या अनेकांचा हा अनुभव असतो. आष्टीसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यात तो अधिक जिव्हारी लागतो. जेथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणीही मोजून वापरावे लागते, तेथे सांडपाण्यावर जगविलेली दारापुढची दहा-बारा रोपे म्हणजे घरच्या भाजीची मोठीच सोय. ती मातीत लोळून सडली, तर फळांबरोबर पाणीही वाया जाते. या रोपांना वेल्ड केलेल्या लोखंडी जाळीचा पिंजरा घरच्या घरी करता येतो. शहरातील गच्चीवरही तो तितकाच उपयोगी पडतो.

आधार कशासाठी?

टोमॅटोचे खोड मऊ असते. ते वेलाप्रमाणे कशालाही विळखा घालत नाही आणि झाडाप्रमाणे ताठही राहत नाही. फळांचे वजन वाढले की फांद्या जमिनीला टेकतात. टेकलेली फळे ओलाव्याने कुजतात, तर पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर मातीतील बुरशी खालच्या पानांवर जाऊन करपा वाढतो. पिंजऱ्यात वाढलेल्या झाडात हवा खेळती राहते. शिवाय त्याची फारशी छाटणी करावी लागत नसल्याने पानांची सावली फळांवर टिकते. मराठवाड्यातील उन्हात उघड्या फळांवर पांढरे चट्टे पडतात, ते त्यामुळे टळतात.

आजवर या कामी तुराट्या, पऱ्हाट्या किंवा बाभळीचे फोक वापरले जात. तुराटी फुकट मिळते, पण भर पावसाळ्यात मोडते. बांबू अधिक टिकतो; मात्र तो विकत आणावा लागतो आणि जमिनीतील भागाला वाळवी लागली की एक-दोन हंगामांत निकामी होतो. जाळीचा पिंजरा नीट निगा राखल्यास अनेक वर्षे पुरतो.

जाळी कोणती घ्यावी?

जाळी निवडताना सर्वप्रथम चौकटीचा आकार पाहावा. पिकलेला टोमॅटो मुठीत धरून हात सहज बाहेर आला पाहिजे. त्यासाठी ६ इंची चौकट उत्तम. ४ इंचांपेक्षा लहान नको. २ इंची जाळी मजबूत दिसते. पण तिच्यातून तोडणी करता येत नाही आणि फळे तारांमध्ये अडकून चिरतात. कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी तर भाराने वाकतेच.

दुसरी गोष्ट तारेची जाडी. गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. १० गेजची, म्हणजे सुमारे सव्वातीन मिलिमीटर जाडीची तार घरगुती कामाला पुरेशी आहे. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी महाग पडते, परंतु गंज उशिरा धरतो. साधी काळी जाळी घेतल्यास आधी रेड ऑक्साइड व त्यावर रंगाचा हात द्यावा.

पिंजरा असा करावा

एका पिंजऱ्यासाठी ६ इंची चौकटीच्या जाळीचे ५ फूट उंच व ३ फूट रुंद असे दोन तुकडे लागतात. सर्वांत खालची आडवी तार कापून काढावी. त्यामुळे उभ्या तारांची ६ इंच लांबीची टोके मोकळी होतात. तीच पिंजऱ्याची जमिनीत रुतणारी पावले. उरलेली साडेचार फूट उंची जमिनीच्या वर राहते.

यानंतर तुकडा दोन फळ्यांमध्ये दाबून मधल्या, म्हणजे चौथ्या उभ्या तारेलगत काटकोनात वाकवावा. सपाट जाळी हाताने सहज लवते. एकदा काटकोनात मुडपली की तीच ताठ उभी राहते. असे दोन काटकोनी भाग समोरासमोर ठेवले की १८ इंच बाजूचा चौकोनी पिंजरा तयार होतो. दोन्ही कडा सळया बांधण्याच्या तारेने चार-पाच ठिकाणी पक्क्या पिळाव्यात. या जोडासाठी वेल्डिंग करू नये. जस्ताच्या मुलाम्याचा धूर अपायकारक असतो. शिवाय सुटा जोड असला म्हणजे हंगामानंतर पिंजरा उलगडून भाग एकावर एक रचून ठेवता येतात.

कापताना डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे असावेत. तारेची उघडी टोके कानशीने घासावीत किंवा त्यांवर ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे चढवावेत. घरात लहान मुले असतील, तर ही काळजी अत्यावश्यक ठरते.

मजबुतीचे मर्म खुंटात

पिंजरा मोडण्यापेक्षा उपटला जाण्याचे प्रसंगच अधिक. पानांनी भरलेला पिंजरा वाऱ्यात शिडासारखा फुगतो. अशा वेळी तारेची ६ इंची पावले पुरी पडत नाहीत. म्हणून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत १० मिलिमीटर जाडीच्या सळईचे ४ फुटी खुंट ठोकावेत. त्यांतील किमान दीड फूट जमिनीत जावे. मुरमाड जमिनीत आधी पहारीने भोक पाडून पाणी ओतावे, म्हणजे खुंट सरळ उतरतो. प्रत्येक खुंट पिंजऱ्याला दोन ठिकाणी बांधावा. जाड तार विकत घेण्याऐवजी तोच पैसा खुंटांवर खर्च करणे शहाणपणाचे.

पिंजरा लागवडीनंतर आठ-पंधरा दिवसांतच बसवावा. झाड दोन फूट झाल्यावर फांद्या कोंबू गेल्यास त्या मोडतात आणि मुळांनाही इजा होते. पुढे आठवड्यातून एकदा बाहेर डोकावणारे शेंडे हलकेच आत वळविणे, एवढेच काम उरते.

गच्चीवर लावताना

शहरातील वाचकांनी आकार बदलावा. २ फूट रुंदीचे तुकडे मधोमध वाकविल्यास १२ इंच बाजूचा पिंजरा होतो. तो अर्ध्या कापलेल्या पिंपात नीट बसतो. कुंडीतील मातीत खुंटाला पकड मिळत नाही. त्यामुळे पिंजऱ्याचा वरचा भाग कठड्याला दोरीने बांधणे अनिवार्य आहे. उंच इमारतीच्या गच्चीवरून कुंडीसह पिंजरा खाली कोसळणे जिवावर बेतू शकते. बुटक्या, मर्यादित वाढीच्या वाणांना ३ फुटांचा पिंजराही पुरतो; सतत वाढणाऱ्या वाणांचा शेंडा वरच्या तारेपर्यंत आला की खुडावा.

शेतात परवडेल का?

नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. वरील मापाच्या एका पिंजऱ्याला खुंट वगळून सुमारे २.६ किलो लोखंड लागते. ४ बाय ३ फुटांवर लागवड केल्यास एकरी ३,६३० झाडे बसतात. म्हणजे नऊ टनांहून अधिक लोखंड! तेथे बांबू, तार व सुतळीची बांधणीच योग्य. पिंजरा ही दहा-वीस झाडांची सोय आहे.

मात्र तेवढ्या झाडांचेही मोल कमी नाही. २०२३ च्या जुलैत किरकोळ बाजारात टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली, तेव्हा दारची चार झाडे किती उपयोगाची, हे अनेक घरांनी अनुभवले. हंगाम संपल्यावर जाळीवरील वाळलेले वेल काढून ती घासून धुवावी, कापलेल्या टोकांना पुन्हा रंग लावावा आणि पुढच्या वर्षी पिंजऱ्याची जागा बदलावी. त्या जुन्या जागी वांगी, मिरची किंवा बटाटाही लावू नये; ही सारी एकाच कुळातील पिके असल्याने रोग मातीतून पुढे चालत राहतात.